लांबी कोणाच्या वाट्याची? एका दीर्घ भयकादंबरीविषयीच्या वाचकमतांचे प्रकरण

आमच्या वाचनगटात आठ जण आहेत आणि मागे एकदा आम्ही सलग दहा आठवडे एकाच कादंबरीला दिले. कादंबरी डॅन सिमन्स या अमेरिकी लेखकाची, 'कॅरियन कम्फर्ट'. विषय दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेऊन त्याच्याकडून हिंसा करवणाऱ्या आणि त्या हिंसेवरच पोसल्या जाणाऱ्या मनोपिशाच्चांचा. आमच्या हाती असलेल्या पेपरबॅक आवृत्तीची पाने आठशेच्या पुढे जातात. शेवटच्या बैठकीला प्रत्येकाने आपले मत लिहून आणायचे ठरले होते. आठपैकी सहा टिपणांमध्ये 'फार लांब' हे शब्द होते, आणि त्या सहांमध्ये कादंबरी मनापासून आवडलेले तिघे होते. एकाच तक्रारीवरून एकाने पुस्तक अर्ध्यावर मिटले होते आणि दुसऱ्याने ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले होते. म्हणजे दोघांच्या तोंडी शब्द सारखे असले तरी तक्रारी एक नव्हत्या, आणि त्या नेमक्या कोणत्या होत्या हे शोधण्यासाठी केलेली खटपट येथे नोंदवीत आहे. कादंबरीचा शेवट मी सांगणार नाही. मधल्या काही घटना मात्र सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

'कंटाळा का आला?' असे विचारले की लोक कारण तयार करून देतात, असा गटाची टिपणे ठेवताना आलेला माझा अनुभव आहे. म्हणून मी कारण विचारले नाही. वाचता वाचता बोट खूण म्हणून ठेवून 'अजून किती उरले आहे' हे पाहायला पुस्तक शेवटापर्यंत उलटले, असे प्रत्येकाचे पहिले पान कोणते, एवढेच विचारले. सगळ्यांना ते पान आठवत होते असे नाही, पण तिघांच्या प्रतींत पेन्सिलीच्या खुणा होत्या, दोघांनी वाचनाची रोजनिशी ठेवली होती आणि उरलेल्यांनी आठवून प्रसंग सांगितला.

त्या पानांकडे वळण्यापूर्वी पुस्तकाची थोडी पार्श्वभूमी. हीच कथा सिमन्सने प्रथम दीर्घकथा म्हणून लिहिली होती आणि ती १९८३ साली 'ऑम्नी' या मासिकात आली. कादंबरी १९८९ साली डार्क हार्वेस्ट या छोट्या प्रकाशनाने काढली आणि तिला भयसाहित्यासाठी दिला जाणारा ब्रॅम स्टोकर पुरस्कार त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट कादंबरी म्हणून मिळाला. तेथवरचा प्रवास सरळ नव्हता. ज्या मोठ्या प्रकाशनसंस्थेशी आधी करार झाला होता, तेथील संपादनाशी लेखकाचा लांबलेला आणि कडवट वाद झाला. हस्तलिखित फार मोठे आहे, ते कापा आणि बदला, असा आग्रह होता. अखेर सिमन्सने आपल्याच कादंबरीचे हक्क परत विकत घेतले आणि ती दुसरीकडे दिली. आमच्या गटाने काढलेली तक्रार पुस्तक छापले जाण्याआधीच काढली गेली होती, हे कळल्यावर सहांपैकी दोघांना उगाचच बरे वाटले.

कथेचा गाभा थोडक्यात असा. काही थोड्या माणसांकडे एक 'क्षमता' आहे. समोरच्याच्या मनात शिरून त्याचे हातपाय, वाचा आणि इच्छा ते वापरू शकतात, आणि असे वापरलेल्या माणसाकडून खून घडला की वापरणाऱ्याला तरतरी येते, त्याचे वय जणू थांबते. येथे आमच्यातील अनुवादक सभासदाने एक शब्द पुढे केला: परकायाप्रवेश. शब्द चटकन पटतो, पण तो दिशाभूल करतो. परकायाप्रवेशाच्या आपल्या जुन्या कथांमध्ये शिरणारा स्वतःचे शरीर मागे ठेवून जातो, त्याला परतायचे असते, आणि ते शरीर कोणी जाळले तर त्याची पंचाईत होते. त्यात धोका असतो. सिमन्सची मनोपिशाच्चे आरामखुर्चीतून उठतसुद्धा नाहीत. जोखीम सगळी ज्याच्यात शिरले त्याची. 'अंगात येणे' हा शब्दही जमत नाही, कारण त्यात निदान अंगात आलेल्याला मान असतो. शेवटी आम्ही कादंबरीतलेच साधे क्रियापद धरून 'वापरणे' हाच शब्द ठेवला, आणि पुढच्या सगळ्या चर्चेला तो पुरला.

आता पाने. सहा जणांनी आणलेल्या पानांत पहिली लक्षात आलेली गोष्ट अशी की, मेलनी फुलर बोलत असलेल्या प्रकरणांतले एकही पान त्यात नव्हते. कादंबरीतली बहुतेक प्रकरणे तृतीयपुरुषी आहेत. मेलनीची तेवढी प्रथमपुरुषी. ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्स्टन शहरातली वृद्ध, खानदानी, एकटी राहणारी स्त्री. नीना ड्रेटन आणि विली बॉर्डन हे तिचे जुने स्नेही डिसेंबर १९८० मध्ये तिच्या घरी जमतात, तेथून कथा सुरू होते. नीनाने वर्तमानपत्रांची कात्रणे नीट तारीखवार लावून आणलेली आहेत, कारण हे तिघे वर्षभरात 'वापरून' घडवलेल्या मृत्यूंचे गुण मोजतात. त्याच महिन्याच्या ८ तारखेला न्यूयॉर्कमध्ये गायक जॉन लेननची हत्या झालेली आहे आणि नीना त्या हत्येचे श्रेय स्वतःकडे घेणार आहे. मेलनीला ते फार अभिरुचीहीन वाटते.

तिचा आक्षेप खुनाला नाही, अभिरुचीला आहे, हे ज्या क्षणी वाचकाच्या ध्यानात येते त्या क्षणी तो तिच्या तावडीत सापडतो. तिला घराण्याच्या रीतींची काळजी आहे, हल्लीच्या लोकांना बोलण्याचालण्याची पद्धत राहिली नाही याचे दुःख आहे, आणि जुन्या घरातल्या वस्तूंविषयी ती अशा मायेने बोलते की, गटातल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "मला ही बाई ओळखीची वाटली आणि मग त्या ओळखीचीच भीती वाटली." मिस्टर थॉर्न हा तिचा सेवक. वर्षानुवर्षे वापरून वापरून त्याचे स्वतःचे असे मन जवळपास उरलेले नाही, पण मेलनी त्याच्याविषयी एखाद्या जुन्या, विश्वासू नोकराविषयी बोलावे तसे बोलते. थॉर्न स्वतःहून काय काय करतो हे शिक्षिकाबाईंनी समासात पेन्सिलीने टिपायला सुरुवात केली होती. काही पानांनंतर त्या नोंदी थांबल्या आहेत. का थांबल्या असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "नोंदवण्यासारखे काही सापडेना, आणि ते मला आधी खटकले नव्हते, याचीच लाज वाटली."

यावरून मी घाईने एक निष्कर्ष काढला आणि तो बैठकीत मांडलाही: लांबी ही पानांची गोष्ट नसून आवाजाची आहे, मेलनी बोलत असेपर्यंत कोणी पाने मोजत नाही, ती गप्प झाली की मोजू लागतात. निष्कर्ष ऐकायला छान होता. तो अर्धाच खरा होता हे पुढे कळले.

आणलेली पाने दोन ठिकाणी दाटलेली होती. पहिले ठिकाण म्हणजे फिलाडेल्फियातील जर्मनटाउन या वस्तीत घडणारा मधला भाग. तेथे मेलनी, तिच्या मागावर असलेली माणसे, सरकारी यंत्रणेत शिरलेली मनोपिशाच्चे आणि वस्तीतली कृष्णवर्णीय तरुणांची टोळी असे सगळे एकमेकांवर आदळते. गोळीबार, पाठलाग, पाळत, पुन्हा पाठलाग. गटातील एका संगणक अभियंत्याने रोजनिशीत लिहिले होते, "आज चाळीस पाने वाचली, माणसे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली." हे वाक्य ऐकून सगळे हसले, पण त्याच भागाविषयी डॉक्टर सभासदाचे मत नेमके उलटे होते. त्यांच्या मते वस्तीची थंडी, ओसाड घरे आणि कोण माणूस आहे व कोण वापरला जात आहे हे न कळण्याचा ताण येथे सर्वांत चांगला उतरला आहे, आणि या भागाच्या अखेरीस जे पात्र मरते त्याच्या मृत्यूचा धक्का बसण्यासाठी त्याच्याबरोबर इतकी पाने चालणे आवश्यकच होते. ते पात्र कोणते हे मी लिहीत नाही. एवढे नोंदवतो की, अभियंत्यालाही त्या मृत्यूचे वाईट वाटले होते, आणि 'गल्ल्या कमी असत्या तर वाईट वाटले असते का?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. जर्मनटाउनमधील टोळीच्या तोंडची भाषा ओढूनताणून आणल्यासारखी वाटते, ही तक्रार मात्र दोघांनाही मान्य होती आणि मलाही आहे.

दुसरे ठिकाण अधिक सोपे निघाले. सी. आर्नल्ड बॅरेंट हा अब्जाधीश आणि त्याच्याभोवतीचा 'आयलंड क्लब', ज्यात दूरचित्रवाणीवरून प्रवचने देणारा धर्मोपदेशक आहे, सरकारी गुप्तहेर खात्यातला अधिकारी आहे आणि टोनी हॅरोड हा हॉलिवूडचा निर्माता आहे. या मंडळींच्या बैठका, विमाने, परस्परांविरुद्धची कारस्थाने यांत जातात ती पाने. येथे सहाच्या सहा जणांनी पुस्तक उलटून पाहिले होते. मेलनी भयंकर असून घरगुती आहे. ही माणसे भयंकर असून श्रीमंत आहेत, आणि श्रीमंतीचे वर्णन फार लवकर शिळे होते. हॅरोडची क्षमता फक्त स्त्रियांवर चालते आणि तो ती ज्या प्रकारे वापरतो ती प्रकरणे वाचणे त्रासदायक आहे. अर्ध्यावर पुस्तक मिटणाऱ्या सभासदाने ते याच प्रकरणांपाशी मिटले होते. त्याच्या टिपणातही 'फार लांब' असेच होते. खोदून विचारल्यावर तो म्हणाला, "एकदा कळले होते तो कसा माणूस आहे. मग पुन्हा पुन्हा दाखवून लेखक कोणाला काय देत होता?" ही लांबीची तक्रार नव्हतीच. ती सभ्य शब्दांत मांडलेली किळस होती, आणि ती त्याने लांबीच्या नावावर लिहिली कारण भयकादंबरीची किळस आली असे म्हणणे त्याला बालिश वाटले. मला ते बालिश वाटत नाही. हॅरोडची निदान दोन प्रकरणे गाळता आली असती, असे माझेही मत आहे.

एक आक्षेप लांबीच्या पलीकडचा होता आणि त्यावर एक संपूर्ण बैठक गेली. कादंबरीचा नायक सॉल लास्की हा ज्यू मानसोपचारतज्ज्ञ आहे. १९४२ मध्ये पोलंडमधील खेल्म्नो येथील मृत्युछावणीत एका नाझी अधिकाऱ्याने त्याच्या मनाचा ताबा घेतलेला असतो. तोच अधिकारी पुढे नाव बदलून अमेरिकेत विली बॉर्डन म्हणून वावरतो. हा अधिकारी छावणीतल्या जिवंत कैद्यांना सोंगट्या करून बुद्धिबळ खेळतो. गटातील इतिहासाचे प्राध्यापक असलेल्या सभासदाचे म्हणणे असे की, खेल्म्नो ही कल्पित जागा नाही. तेथे डिसेंबर १९४१ पासून माणसांना बंद गाड्यांमध्ये कोंडून विषारी धुराने मारले गेले. कादंबरीत येणारी सोबिबोर ही दुसरी छावणीही तितकीच खरी आहे, आणि तेथील कैद्यांनी १४ ऑक्टोबर १९४३ रोजी केलेला उठावही. जे माणसांनी माणसांना केले त्याला पिशाच्चाचे कारण जोडले की माणसे सुटतात, "वाचकाला बरे वाटते की ते आपल्यासारखे नव्हते."

हा आक्षेप हलका नाही आणि त्याला कादंबरीत पूर्ण उत्तर सापडते असा माझा दावा नाही. तरी प्राध्यापकांच्या टिपणाच्या समासात मी एक गोष्ट लिहिली होती, ती येथे उतरवतो. कादंबरीतली छावणी त्या अधिकाऱ्याच्या क्षमतेवर चालत नाही. पहारेकरी, गाड्या, याद्या, खड्डे हे सगळे कोणत्याही अद्भुत शक्तीवाचून चाललेले आहे. त्याची क्षमता ही त्या यंत्रणेतल्या एका माणसाची करमणूक आहे. सोंगट्या उभ्या राहतात तेव्हा भोवती पाहत उभे असलेल्यांना कोणी वापरत नसते. लास्कीला आयुष्यभर छळणारा प्रश्नही पिशाच्चांपुरता नाही. हिंसेचा अभ्यास हे त्याचे कामच आहे. प्राध्यापकांनी हे वाचले आणि उत्तरादाखल एवढेच म्हणाले की, आठशे पानांच्या वाचकाला ते तेवढे लख्ख दिसत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर असावे, कारण आठांपैकी चौघांच्या ते ध्यानात आले नव्हते.

बुद्धिबळाची गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगून टाकतो. कादंबरीचे तीन भाग डावाच्या तीन टप्प्यांवर बेतलेले आहेत: आरंभ, मध्यखेळ, अंतिम खेळ. गटात एक सभासद स्पर्धांमध्ये खेळणारा आहे. त्याला ही रचना फारशी भावली नाही, कारण त्याच्या मते चांगला मध्यखेळ म्हणजे ज्यात एकही खेळी फुकट जात नाही असा, आणि या कादंबरीचा मध्यखेळ तसा नाही. पण प्यादी माणसांची आहेत आणि त्यांना मारले जाताना नाव असते, यावर तो बराच वेळ बोलला. "पटावर आपण प्यादे देतो तेव्हा हिशेब करतो. इथे मी हिशेब करायला लागलो आणि मला माझाच राग आला."

या 'नाव असते' वरूनच माझा पहिला निष्कर्ष मोडला. मेलनीचा आवाज हेच जर पुस्तकाचे बळ असेल, तर १९८३ ची दीर्घकथा, जी संपूर्ण मेलनीच्याच तोंडून येते, ती कादंबरीपेक्षा सरस ठरायला हवी होती. म्हणून पुढच्या बैठकीसाठी मी ती दीर्घकथा सगळ्यांना वाचायला दिली. लांबीची तक्रार करणारे सहाही जण खूश होतील, अशी माझी खात्री होती. घट्ट विणलेली, एका बैठकीत संपणारी, एकही गल्ली फुकट नसलेली कथा आहे ती. सगळ्यांनी ती वाखाणली. आणि सहांपैकी चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितले की काहीतरी कमी पडते.

काय कमी पडते, हे शिक्षिकाबाईंनी नेमके सांगितले. दीर्घकथेत मेलनीच्या वाटेत येणारी माणसे वापरली जातात आणि मरतात, पण आपल्याला ती मेलनीच्या डोळ्यांनीच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. कादंबरीत चार्ल्स्टनमधल्या त्याच रक्तपातात एक कृष्णवर्णीय छायाचित्रकार मरतो आणि त्याची मुलगी नॅटली प्रेस्टन आपला बाप का मेला हे विचारायला येते. बॉबी जो जेंट्री हा स्थूल, पुस्तके वाचणारा, सावकाश बोलणारा शेरीफ त्याच मृत्यूंचा तपास करू लागतो. लास्की येतो. मेलनीच्या कथेत जी कोपऱ्यातली सावली होती तिला घर, कपडे, विनोद आणि भूक मिळते. वाढलेल्या पानांतला मोठा वाटा 'वापरल्या' गेलेल्यांचा आणि त्यांच्या माणसांचा आहे, आणि नॅटली, लास्की व जेंट्री एका टेबलाशी बसून नुसते बोलत आहेत अशा प्रकरणांतलेही एकही पान कोणी तक्रारीसाठी आणले नव्हते. मी ते आधी पाहिले नव्हते, कारण मी फक्त मेलनीला शोधत होतो.

तेव्हा प्रकरणाचा निकाल माझ्यापुरता असा झाला. 'फार लांब' या दोन शब्दांत किमान तीन तक्रारी होत्या: बलाढ्य माणसांच्या कारस्थानांचा कंटाळा, हॅरोडच्या प्रकरणांची किळस, आणि जर्मनटाउनमधील पाठलागांचा थकवा. यांपैकी पहिली तक्रार सर्वांची होती आणि ती रास्त आहे. दुसरी रास्त आहे पण तिचे नाव चुकले आहे. तिसरीबद्दल गट आजही दुभंगलेला आहे. सरसकट दर प्रकरणातून काही पाने कमी करणारी कात्री चालली असती तर बॅरेंटबरोबर जेंट्रीही रोडावला असता, आणि उरली असती ती मुळातली दीर्घकथाच, फक्त जरा लठ्ठ झालेली. लेखकाने हक्क परत विकत घेतले ते योग्य केले असे मला वाटते. एकही पान सोडले नाही ते मात्र नाही.

अनुवादकाचे टिपण या सगळ्यात वेगळेच होते. त्यांना लांबीची तक्रार नव्हती, शीर्षकाची होती. ते जेरार्ड मॅनली हॉपकिन्स या इंग्रज कवीच्या एका सुनीतावरून घेतलेले आहे. त्या सुनीतात निराशा हे जणू कुजके मांस आहे आणि त्याच्यावर जगण्याचा दिलासा आपण घेणार नाही, असे कवी तिला बजावतो. 'मढ्याचा दिलासा' असे मराठी करून त्यांनी स्वतःच खोडले होते, कारण दिलासा कोणाला, खाणाऱ्याला की नाकारणाऱ्याला, हे मराठीत कळेना. कादंबरी वाचून संपल्यावर ते म्हणाले की शीर्षक मेलनीचे समजून आपण वाचत होतो आणि ते लास्कीचे निघाले.

पुस्तक अर्ध्यावर मिटणाऱ्या सभासदाने दोन महिन्यांनी ते पुन्हा हाती घेतले. बैठकीला आला तेव्हा त्याच्या प्रतीत जागोजागी पानांचे गठ्ठे काळ्या क्लिपांनी बंद केलेले होते. हॅरोड आणि बॅरेंट यांची प्रकरणे त्याने उघडायचीच नाहीत असे ठरवले होते. शेवटच्या भागात मात्र एका जागी क्लिप काढलेली दिसत होती आणि पानांवर तिचा दाब उमटलेला होता. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "त्यात मध्येच नॅटली आली."